दौलतभाऊंचा अंगठा

चाकू विकत घेताना तो आधी मिटून पाहावा, असे दौलतभाऊ सांगत. उघडलेला चाकू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतो. त्याचा स्वभाव कळतो तो मिटताना. पाते घडीत उतरताना मुठीच्या कडेला घासते काय, टोक पुरते आत दडते की सदऱ्याच्या खिशाला भोक पाडण्याइतके वर राहते, मुठीतली कमान पात्याला अखेरीस आपणहून ओढून घेते की नाही, एवढे पाहून झाल्यावाचून पात्याच्या चकाकीकडे ते दृष्टीही टाकीत नसत.

सत्तरीच्या दशकात आमच्या नाचणगावात घडीचा चाकू ही बहुतेक पुरुषांच्या अंगावर नित्य असणारी वस्तू होती. भाजीच्या जुड्यांची सुतळी तोडायला, किडलेले वांगे चिरून पाहायला, पोत्याची शिवण उसवायला तो लागे. नवा चाकू घेतला की दौलतभाऊंना दाखवायचा, किंवा घेण्याआधी त्यांनाच बरोबर न्यायचे, असा गावाचा परिपाठ पडून गेला होता. मी तेव्हा पुलगावच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि नाचणगावात त्यांच्या घराशेजारी राहत असे. त्यामुळे त्यांच्या ओट्यावर बसून हा परीक्षाविधी मी अनेकदा पाहिला आहे.

गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, फुलगोबी; कडेला लिंबाची झाडे. धाकटे बंधू नामदेव, त्यांच्या मुली आणि दौलतभाऊंची पत्नी गिरजाबाई असे एकत्र घर. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हते. पण दौलतभाऊंची कीर्ती भाजीसाठी नव्हती. हिवाळा लागला की दूरदूरच्या संत्र्याच्या बागांतून त्यांना डोळे भरायला बोलावणे येई. रानटी लिंबाच्या कोवळ्या खुंटावर चाकूने साल चिरायची, ती हलकेच उचलायची आणि तिच्याखाली चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, सालीसकट बसवून बांधून टाकायचा. साल तेवढी चिरली पाहिजे, आतल्या लाकडाला ओरखडा जाता कामा नये. दौलतभाऊंनी बसवलेला डोळा सुकला असे वर्षानुवर्षे कोणी म्हटले नव्हते.

"तुम्हाला कळते कसे, साल कुठे संपली ते?" असे मी एकदा विचारले होते.

"अंगठ्याले समजते ना, गुरुजी," ते म्हणाले. "चाकूच्या पाठीवर अंगठा असते. साल हाय तोवर चाकू लोन्यात चालल्यावानी चालते. लाकूड आलं का तो अंगठ्यापाशी येऊन सांगते, बस." मग जरा थांबून, "मी काई करत नाई. त्याहीचं दोघाचं बोलनं होते, मी आयकतो."

डोळा भरायला बसताना ते चपला काढून ठेवीत आणि हात धुऊन घेत. मी पूजेला बसताना करतो त्याहून अधिक निगुतीने करीत, हे मी मनात नोंदवून ठेवले होते.

एकदा मला चाकू हवा होता. समिधा सोलायला आणि नैवेद्याची फळे चिरायला घरच्या विळीवर प्रत्येक वेळी विसंबणे अडचणीचे होई. दौलतभाऊ माझ्याबरोबर वर्ध्याला आले. बाजारातल्या दुकानदाराने काचेच्या पेटीतून चकचकीत चाकू काढून ओळीने मांडले. दौलतभाऊंनी एकेक उचलला, मिटला, कानाशी नेला, पाते दोन बोटांत धरून आडवे हलवले. खिळ्यापाशी जो किंचितही डुगडुगला, तो बाजूला. मग त्यांनी खिशातून अर्धे लिंबू काढले आणि एका पात्यावर चोळले.

"अरे अरे! हे काय चाललं?" दुकानदार उठून उभा राहिला.

"थांबा ना जी शेटजी. काळा पडते का पाहू द्या."

"काळा पडला तं कोन घेईन त्याले?"

"मीच घेईन. डाग धरला म्हंजे पोलाद हाय, जिवंत हाय. जो जलमभर चकचक करते त्याले धार राहत नाई."

"चाकू पाहून राह्यले का पोरगी पाहून राह्यले, दौलतभाऊ?"

"पोरगी काय शेटजी, नाई पटलं तं माहेरी निघून जाईन. चाकू कुठं जाईन बिचारा? माह्याच खिशात राहीन ना."

दुकानदारही हसला. एक लांबट पात्याचा, बटन दाबताच उघडणारा चाकू त्याने कौतुकाने पुढे केला, तेव्हा मात्र दौलतभाऊंनी हात मागे घेतला. "हा भांडनाचा चाकू. कामाच्या चाकूले एवढी घाई नसते." शेवटी पेटीच्या तळातून शिंगाच्या मुठीचा, कोणी न घेतलेला एक काळसर चाकू निघाला. तो सगळ्या परीक्षांतून उतरल्यावर दौलतभाऊंनी डोळे मिटले आणि उजव्या हाताचा अंगठा धारेवर आडवा, अगदी हलका फिरवला. तेवढा क्षण ते दुकानात नसल्यासारखे झाले. "घ्या गुरुजी," ते म्हणाले, आणि चाकू माझ्या हातात न देता फळीवर ठेवला.

हा त्यांचा दुसरा नेम. चाकू कधी हातातून हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलून घ्यायचा. हातोहात दिला तर दोघांतली माया तुटते, अशी आमच्याकडची समजूत. घरोघर ती अर्धवट पाळली जाते. दौलतभाऊ पूर्ण पाळीत. एकदा आमच्या मुख्याध्यापकांनी घाईने हात पुढे केला, तर हे चाकू भुईवर ठेवून शांतपणे उभे राहिले. "साहेब, तुमची आमची दोस्ती राहू द्या ना," एवढेच म्हणाले. मुख्याध्यापकांना वाकावे लागले.

त्यांच्या अंगठ्यात बिघाड केव्हा सुरू झाला, हे आज निश्चित सांगता येत नाही. आम्हा सर्वांना त्याची खूण दिसली ती फार वेगळ्या रूपात. दौलतभाऊ चाकूंविषयी कुरकुर करू लागले. ज्यांनी एक चाकू वर्षानुवर्षे वागवला, ते प्रत्येक बाजारी नवा घेऊ लागले. "धारच नाई राह्यली आता," ते ओट्यावर बसून म्हणत. "मरतुकडं लोखंड. दगडावर घासून घासून पातं अर्धं झालं, तरी अंगठ्याले काई लागत नाई."

आणि आम्ही माना डोलावल्या. यात नवल ते काय? दूध पातळ झाले होते, तुपाला वास राहिला नव्हता, मग पोलाद तरी कसे टिकावे? कलियुगात पदार्थांतले सत्त्व क्रमाक्रमाने क्षीण होते, असे मी स्वतः त्या ओट्यावर सांगितल्याचे मला आठवते. लोक आपापले चाकू आणून दौलतभाऊंना दाखवीत, ते अंगठा फिरवून "बोथट" म्हणत, आणि लोक ते चांगले चाकू घरी नेऊन कोनाड्यात टाकून देत. गावातला एक माणूस चाकूंना दोष देत होता, आणि सारा गाव त्याचा शब्द प्रमाण मानून काळाला दोष देत होता. त्याच्या हाताकडे पाहावे, असे कोणाच्याही मनात आले नाही. कारण त्या बाबतीत त्या हाताहून मोठे प्रमाण आमच्यापाशी नव्हते.

त्या हिवाळ्यात त्यांनी भरलेले डोळे सुकले. एका बागेतली ओळच्या ओळ काळी पडली. पुढच्या वर्षी त्या बागाईतदाराने बोलावणे पाठवले नाही, इतकेच. गिरजाबाईंना दौलतभाऊंच्या मनगटाच्या वर एक फिकट चट्टा दिसला होता. "उन्हाचा हाय," म्हणून त्यांनी तो बाहीखाली झाकला.

पुलगावच्या आठवडी बाजारात उत्तरेकडचा एक चाकूवाला येई. भुईवर पांढरे कापड अंथरून माल मांडी. त्या दिवशी मी भाजी घेऊन परतत होतो, आणि दौलतभाऊ त्याच्यापुढे उकिडवे बसलेले दिसले. मी मागे थांबलो. त्यांनी चाकू मिटला, उघडला, कानाशी नेला; सगळा विधी यथाक्रम झाला. मग डोळे मिटून धारेवर अंगठा.

"बोथट हाय बाप्पा."

"क्या बात करते हो चचा! आज सवेरे ही सान पे चढ़ाया है।"

"नाई लागत ना पन. तू पाय." त्यांनी पुन्हा अंगठा ठेवला, या वेळी दाबून, आणि ओढला. पुन्हा एकदा ओढला.

"चचा!" चाकूवाला ओरडला. "चचा, खून!"

पांढऱ्या कापडावर रक्त ठिबकत होते. दौलतभाऊंनी डोळे उघडले आणि आधी कापडाकडे पाहिले, मग चाकूवाल्याच्या हातांकडे, मग माझ्याकडे. आमच्यापैकी कोणाला लागले आहे, हे ते शोधत होते. सर्वांत शेवटी त्यांची दृष्टी स्वतःच्या अंगठ्यावर गेली. पेराच्या मांसात चीर गेली होती, आत पांढरे दिसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर वेदनेची एक रेषाही उमटली नाही. त्यांनी चाकू कापडावर ठेवला आणि अगदी हळू विचारले, "गुरुजी, किती दिवसाचं असन हे?"

मी त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. "कापूस लावतो. लागला की हो म्हणा." त्यांनी कापसाचे टोक दंडावर टेकवले. "हो." कोपरापाशी टेकवले. "हो." मग मनगटावर, तळव्यावर, एकेका बोटावर, अंगठ्यावर, पुन्हा बोटांवर. दौलतभाऊ डोळे मिटून वाट पाहत बसले होते. बराच वेळ गेला.

"डॉक्टरसाहेब," ते नम्रपणे म्हणाले, "लावा ना आता."

डॉक्टरांनी कापूस खाली ठेवला.

रोगाचे नाव आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ते नुसते उच्चारले तरी लोक पदर सावरून घेतात. औषध आहे, रोग बरा होतो, घरात ठेवायला हरकत नाही, हे डॉक्टरांनी नामदेवला बोलावून सांगितले. नामदेव वाईट मनुष्य नव्हता. त्याने ऐकून घेतले, घरी आला आणि ओट्याच्या पायरीवर भावाच्या पायांशी बसून रडला. "दादा, माह्या मनात काई नाई, देवाशपथ. पन पोरीले पाव्हने येऊन राह्यले. तुमी मळ्यातल्या झोपडीत राहान का थोडे दिवस?"

"राहीन ना," दौलतभाऊ म्हणाले. "तू काऊन रडून राह्यला?"

गिरजाबाईंनी पेटीत दोन लुगडी भरली आणि त्या बरोबर निघाल्या. "तू थांब इथं," ते म्हणाले. "मंग तुमाले भाकर काय ते नामदेव भावजी आनून देतीन?" त्या म्हणाल्या. एवढेच बोलणे झाले. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेले ते दोघे पुन्हा त्या घरात राहायला आले नाहीत.

भाजी खपेनाशी झाली. बाजारात जुन्या ओळखीचे लोक बोलत, हसत, तब्येत विचारीत. मात्र चहाचा पेला त्यांच्यासमोर भुईवर ठेवीत आणि दोन पावले मागे सरत. पानाचा विडा भुईवर. सुटे पैसे भुईवर. एकदा मी मळ्यात गेलो असता कोणी तरी लग्नाची अक्षत बांधावरच्या दगडावर ठेवून निघून गेले होते. दौलतभाऊंनी ती उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "आता मीच चाकू झालो, गुरुजी."

मी त्यांच्यासाठी अनुष्ठान केले होते, अजूनही करीत होतो. माझी श्रद्धा ढळली असे मी म्हणणार नाही. पण त्यांचा तो प्रश्न आला की तिला वाचा राहत नसे. प्रश्न नेहमीचाच. "गोळ्या सरल्या म्हंजे अंगठा परत येईन का?" घर, माणसे, बाजार यांविषयी ते विचारीत नसत. त्यांनी सगळी आशा त्या एका पेराएवढ्या जागेवर आणून ठेवली होती. रोज सकाळी ते झोपडीच्या दाराशी बसत, धोतराचे टोक अंगठ्यावर फिरवीत आणि डोळे मिटून वाट पाहत. स्पर्श हा गुण एकट्या त्वचेलाच कळतो, दुसऱ्या कोणत्याही इंद्रियाला नाही, हे मी शाळेत सहज सांगत आलो होतो. त्या वाक्यात एवढा अंधार आहे, हे मला ठाऊक नव्हते.

ऐंशीनंतर नवी औषधे आली. त्यांमुळे दौलतभाऊंची कातडी काळवंडली, पण रोग हटला. शेवटच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर होतो. "आता तुमच्यात रोग उरलेला नाही," डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले. "कोणाला काही भीती नाही."

"मंग हा?" दौलतभाऊंनी अंगठा पुढे केला.

डॉक्टर तरुण होते, मनाने चांगले होते. खोटे बोलावेसे त्यांना वाटले असावे, पण ते बोलले नाहीत. "नसा मेल्या की बहुधा परत येत नाहीत, काका. हात जपा."

परतीच्या वाटेवर दौलतभाऊ गाडीच्या खिडकीशी बसून राहिले. बरे झाल्याची वार्ता घेऊन इतका हताश मनुष्य परतताना मी पाहिलेला नाही.

त्यानंतर त्यांनी एक प्रयत्न केला. स्वतःची बोटे आखडत चालली होती, म्हणून त्यांनी चाकू गिरजाबाईंपुढे ठेवला, त्यांना खुंटापुढे बसवले आणि आपण मागे उभे राहिले. मी बांधावर होतो.

"अंगठा पाठीवर ठेव. हां. आता चिर. काय लागते?"

"साल लागते."

"सालीच्या खाली?"

"चाकू लागते जी, आनखीन काय लागन?"

दौलतभाऊ हसले. गेल्या कित्येक महिन्यांत मी ते हसणे ऐकले नव्हते. "अवं, चाकू नाई. लाकूड. लाकूड येते तं तो सांगते ना तुले. आयक."

गिरजाबाईंनी खाली मान घातली. त्यांनी मनापासून ऐकण्याचा प्रयत्न केला असावा; त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "मले कोनी काई सांगत नाई," त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्यांना रडू आले. त्यांनी भरलेले डोळे आठवड्यात सुकले. दौलतभाऊंनी ते खुंट उपटून टाकले. मी पुढे कधी त्यांच्या तोंडी कलमाचा किंवा चाकूचा विषय ऐकला नाही. कोणी तरुण अजाणता चाकू दाखवायला आला, तर ते म्हणत, "चांगला हाय," आणि न पाहताच दुसरीकडे तोंड फिरवीत.

निवृत्तीनंतर मी वर्ध्याला राहायला गेलो. तेथेच एका उन्हाळ्यात त्यांच्या जाण्याची वार्ता कळली. त्याआधी मी त्यांना अखेरचे पाहिले ते पुलगावच्या बसस्टँडवर.

कापसाच्या बाजाराचा दिवस होता. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. अंगठ्याला नकळत झालेली एक नवी जखम भरत नव्हती, ती बांधून घ्यायला ते दोघे वर्ध्याला निघाले होते. मी त्यांच्यापासून चार हातांवर गर्दीत अडकलो होतो. बस आत शिरली आणि गर्दी एकदम लोटली. आमच्याकडे बाईमाणूस चारचौघांत नवऱ्याचा हात धरीत नाही. गिरजाबाईंनी मागून दौलतभाऊंचा हात धरलेला होता; त्यांची वाकलेली बोटे आपल्या तळव्यात घेऊन त्या गर्दीतून अंग चोरीत चालल्या होत्या. दौलतभाऊ मध्येच थांबले. त्यांनी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. चेहऱ्यावर भय दाटले.

"गिरजे!" त्यांनी हाक मारली. "गिरजे, कुठं गेली वं तू?"

"हे काय," मागून त्या म्हणाल्या. "हात धरून तं हावो तुमचा."

दौलतभाऊंनी मान वाकवून आपल्या हाताकडे पाहिले. तेथे तिचा हात होता. क्षणभर ते तो पाहत राहिले. मग मान हलवून बसकडे निघाले, आणि दाराशी पोहोचेपर्यंत पुन्हा पुन्हा खाली पाहत होते.